नेऊ कुठे त्याला?

मागच्या अंकात झोपेच्या तक्रारींवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली निम्मी उघडून बघते तर व्यसनाची. बहुतेक तालुक्याच्या गावांतून आलेली, आणि जवळपास प्रत्येकात एक ओळ ठरलेली : ‘आमच्याकडे सोय नाही.’ नावं-गावं काढून, थोडी आखडती घेऊन सहा पत्रं इथे देते.

प्रश्न : माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. मालाच्या गाडीवर जातो. दोन वर्षांपूर्वी पाठदुखीसाठी कॅप्सूल सुरू झाल्या, त्या सुटल्याच नाहीत. आता दिवसाला दहा-बारा घेतो. मिळाल्या नाहीत तर नाक गळतं, जांभया येतात, अंगावर काटा येतो, जुलाब होतात. गेल्या महिन्यात फिट येऊन पडला. भावकीतल्या एकाने एका केंद्राचा नंबर दिला आहे. ते म्हणतात, रात्री गाडी पाठवतो, चार माणसं येऊन उचलून नेतील, तीन महिने भेटायचं नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं, गावात बोभाटा होण्यापेक्षा हे बरं. मला धीर होत नाही. गावात मानसोपचाराचा डॉक्टर नाही. नेऊ कुठे त्याला? – एक आई

उत्तर : ताई, आधी फिटचं बघू. गाडीचं नंतर.

रिकामी स्ट्रिप सापडली तर तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत औषधाचं नाव असतं. तिथे ‘ट्रॅमाडॉल’ लिहिलंय का, ते पाहा. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून तेच असावं असं वाटतं. हे अफूच्या जातकुळीतलं वेदनाशामक आहे. ठरल्या डोसात, डॉक्टरच्या देखरेखीखाली चांगलं औषध. पण डोस वाढत गेला की फिट येऊ शकते, हा त्याचा ठाऊक असलेला धोका आहे. २०१८ पासून ते एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय. तरी तुमच्या मुलाला दिवसाला दहा-बारा मिळतात, म्हणजे कुठल्या तरी काउंटरवरून चिठ्ठीशिवाय जातात हे उघड आहे. त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. पण ते काम आज नको, आज मुलगा महत्त्वाचा.

नाक गळणं, जांभया, काटा, जुलाब या सगळ्याला नशा करणारी मुलं ‘टर्की’ म्हणतात. शेवटच्या डोसनंतर साधारण ८ ते २४ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते आणि आठवडाभरात बरीच ओसरते. माणूस तळमळतो, पण नुसत्या अफूजन्य नशेच्या टर्कीने धडधाकट तरुणाच्या जिवाला सहसा धोका नसतो. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही एवढं पाहायचं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र फिट येऊन गेलीय. शिवाय सोबत झोपेच्या गोळ्या किंवा दारू असेल तर प्रकरण वेगळं. त्या दोन्ही अचानक बंद केल्या तर फिट येते, भ्रम होतो, माणूस दगावूही शकतो. म्हणून गोळ्या हिसकावून, खोलीत कोंडून ‘आजपासून बंद’ हा घरगुती प्रयोग करू नका. त्याला शांतपणे विचारा : याशिवाय आणखी काय घेतोस? आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत त्याला गाडीवर पाठवू नका. चालत्या गाडीच्या टपावर फिट आली तर काय होईल, ते लिहायला नको.

आता नेऊ कुठे. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथे नेऊ. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. त्यातला मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ता यांच्याकडे व्यसनाचे रुग्ण येणं हे त्यांच्या नेहमीच्या कामातलंच आहे. या पथकाच्या तालुक्याला फेऱ्याही असतात. तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन ‘मानसिक आरोग्याची ओपीडी कोणत्या वारी?’ एवढंच विचारा. व्यसनाचा शब्दही काढावा लागत नाही. केसपेपर काढणाऱ्याला ‘झोप येत नाही’ सांगितलं तरी चालतं, खरं काय ते आत डॉक्टरला सांगा. त्याआधी रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत. सामाजिक न्याय मंत्रालयाचा व्यसनमुक्तीचा क्रमांक १४४४६. त्यांना तुमच्या जिल्ह्यातल्या अनुदानित केंद्राचा पत्ता विचारा. सरकारी अनुदानावर चालणारी अशी केंद्रं आहेत आणि तिथले उपचार मोफत असतात, हे खेड्यातल्या किती तरी घरांना ठाऊकच नसतं.

तिथे डॉक्टर काय करतील? फिटचा तपास, बाकीच्या नशेची चौकशी, आणि मग टर्की सुसह्य होईल अशी औषधं. बऱ्याच जणांना ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी देतात. ती साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, व्यसनोपचार केंद्रातून देखरेखीखाली मिळते. फिट आल्यामुळे सुरुवातीला काही दिवस भरती करून घेतील, असं धरून चाला.

राहिली ती रात्रीची गाडी. ती पाठवू देऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य काळजी कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थितीही येतात. म्हणजे त्या कायद्याने रुग्णाला दिलेले हक्क तुमच्या मुलालाही आहेत. त्याच्या मनाविरुद्ध भरती करायची वेळ आलीच, तरी आधी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. आणि अशी भरती आधी ३० दिवसांपर्यंतच. साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. सक्तीने डोकं भादरायचं नाही, राबवून घ्यायचं नाही, नातेवाइकांशी बोलणं-भेटणं हा रुग्णाचा हक्क. ‘तीन महिने भेटायचं नाही’ म्हणणाऱ्याला एकच विचारा : राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवता का, आणि तुमचे मानसोपचारतज्ज्ञ कोण, आठवड्यात कधी येतात? फोनवरच आवाज बदलतो की नाही बघा. फिट येणाऱ्या मुलाला रात्री उचलून, डॉक्टर नसलेल्या खोलीत टर्कीत टाकणं हा जिवाशी खेळ आहे. बोभाट्याचं म्हणाल, तर चार माणसं आरडाओरडा करत पोराला गाडीत कोंबताना जेवढा होईल, तेवढा जिल्ह्याच्या एसटीत बसून गेल्याने खचित होणार नाही.

प्रश्न : नवरा रोज पितो, वर गांजाही ओढतो. ‘रुग्णाच्या नकळत व्यसन सोडवा’ अशी जाहिरात वाचून पावडर मागवली आहे. जेवणातून द्यायची म्हणतात. देऊ का? – नाव नको

उत्तर : नाही. फेकून द्या.

अशा पावडरीत काय आहे हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिरामसारखं औषध असेल तर प्रश्न गंभीर आहे. ते पोटात असताना दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, धडधड वाढते, उलट्या होतात, रक्तदाब झपाट्याने उतरतो. हृदय किंवा यकृत आधीच कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. औषध खोटं नाही, आम्हीही देतो, पण ज्याला द्यायचं त्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून. माणसाला ठाऊक असतं म्हणूनच तो दारूपासून लांब राहतो. औषधाचा सगळा उपयोग त्या ठाऊक असण्यात आहे. नकळत दिलं तर उरतं फक्त विष. गांजावर तर त्याचा काहीच परिणाम नाही.

तुम्ही स्वतः मात्र जरूर बोला, नवरा यायला तयार नसला तरी. १४४१६ तुमच्यासाठीही आहे. आणि तो मारहाण करत असेल तर तो व्यसनाचा भाग समजून सोसू नका. महिला हेल्पलाइन १८१.

प्रश्न : वय २१. पोलीस भरतीची तयारी करतो. जिममध्ये सगळे स्टॅमिनासाठी मेफेंटरमाइनचं इंजेक्शन घेतात, मीही वर्षभर घेतोय. आधी मैदानावर फरक पडला, आता घेतल्याशिवाय पलंगावरून उठवत नाही. रात्री छाती धडधडते. मध्यंतरी सगळे माझ्याविरुद्ध कट करतात असं चार दिवस वाटत होतं. दोन-तीनदा एमडी ही नशेची पावडरही घेतली. डॉक्टरकडे गेलो तर पोलिसांत जाईल का? भरतीचं काय? – एक वाचक

उत्तर : पत्र लिहिलंस हे चांगलं केलंस, मित्रा. आता सरळ बोलते.

मेफेंटरमाइन हे भूलतज्ज्ञांचं औषध आहे. कमरेत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब एकदम उतरला तर तो वर आणायला शस्त्रक्रियेच्या टेबलावर वापरतात, शेजारी मॉनिटर चालू ठेवून. जातीने ते अॅम्फेटामिनसारखं उत्तेजक. ज्याचा रक्तदाब मुळात उत्तम आहे अशा २१ वर्षांच्या मुलाने ते शिरेत घ्यायचं आणि लगेच सोळाशे मीटर धावायचं, म्हणजे हृदयाला दोन्ही बाजूंनी हाणायचं. तुझी धडधड तिथून येते. ‘कट करतात’ हे वाटणंही तिथूनच. उत्तेजक द्रव्यांनी असा संशयी भ्रम होतो हे आम्ही वरचेवर पाहतो, आणि पुन्हा पुन्हा घेत राहिलं तर तो चार दिवसांत ओसरेलच असं नाही.

स्टॅमिना वाढत नाही, हेही सांगून टाकते. थकल्याची जाणीव दाबली जाते. थकवा तसाच राहतो आणि व्याजासकट परत येतो. तोच तुला आता पलंगावरून उठू देत नाही.

थांबवल्यावर काय होईल? पहिले काही दिवस भरपूर झोप, भूक, अंगात त्राण नाही, मन एकदम खचलेलं. या नशेला अफूसारखी पर्यायी गोळी नाही. झोप, आहार, समुपदेशन, आणि नैराश्य फार झालं तर त्यावर औषध. जिवाला धोका इथे मनाच्या बाजूने असतो, मरणाचे विचार येऊ शकतात. म्हणून हे एकट्याने खोली बंद करून करू नकोस. घरातल्या एकाला तरी सांग. आईला सांगायला जड जात असेल तर मोठ्या बहिणीला, मामाला, कुणालाही. छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलास तर १०८ ला फोन, आणि डॉक्टरला इंजेक्शनचं नाव सांगायचं. लपवलंस तर चुकीचे उपचार होतील.

सुया एकमेकांच्या वापरल्या असतील, जिममध्ये एक बाटली चार जणांत फिरते म्हणून विचारते, तर एचआयव्ही आणि कावीळ ‘बी’, ‘सी’ची तपासणी करून घे. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते. ‘सी’ कावीळ निघाली तरी घाबरायचं कारण नाही, आता ती गोळ्यांनी बरी होते आणि सरकारी कार्यक्रमात ती औषधं फुकट मिळतात.

आता पोलिसांचं. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे. अपवाद मोजके : न्यायालयाचा आदेश, कुणाच्या जिवाला धोका, असे. एमडी म्हणजे मेफेड्रोन २०१५ पासून एनडीपीएस कायद्याखाली आहे, तेव्हा ती जवळ बाळगणं गुन्हाच. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनाधीन माणूस नशा केल्याच्या किंवा अल्प प्रमाणात पदार्थ जवळ बाळगल्याच्या प्रकरणात अडकला आणि त्याने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. विकणाऱ्याला ती नाही. म्हणून मित्रांसाठी ‘आणून देणं’ आजपासून बंद. ‘मी विकत नाही, फक्त आणून देतो’ हे वाक्य कोर्टात उभं राहत नाही.

भरतीचं वचन मी देऊ शकत नाही. एक वर्ष मागे पडेल, कदाचित. २१ व्या वर्षी एक वर्ष परवडतं.

आणि ते इंजेक्शन आणून देणारा तुमचा ‘ट्रेनर’ असेल तर, असतोच बहुधा, त्याच्यापासून लांब जायला जिम सोडावी लागेल. मैदान फुकट आहे.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो. दारू आणि गोळ्यांचे रुग्ण रोज येतात. मी जिल्ह्याला पाठवतो, दहातला एखादाच जातो. माझ्या पातळीवर काय करता येईल? – डॉ. (नाव राखून ठेवले)

उत्तर : डॉक्टर, तुमच्या पत्राने या पानाचं सार्थक झालं. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, ज्यासाठी एम्सच्या केंद्राने देशभर पाहणी केली, असं दिसलं की अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या २० जणांमागे एकालाच कधी काळी भरती होऊन उपचार मिळालेले असतात. दारूच्या बाबतीत तर कुठलेही उपचार मिळतात ते ३८ जणांमागे एकाला. उरलेले तुमच्याच दवाखान्यात बसलेले असतात : अॅसिडिटी, झोप नाही, हातपाय थरथरतात, अशा तक्रारी घेऊन.

दारूचा सौम्य ते मध्यम विथड्रॉवल, म्हणजे ती सोडल्यावर होणारा त्रास, घरी सांभाळता येतो, घरात एक जबाबदार माणूस असेल आणि तुम्ही पहिले तीन-चार दिवस रोज बघणार असाल तर. थायमिन (जीवनसत्त्व बी-१) आधी, ग्लुकोजची बाटली नंतर. हा क्रम उलटा झालेला मी इतक्यांदा पाहिलाय की इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. बेंझोडायझेपिन, म्हणजे झोपेच्या-शांत करणाऱ्या गटातल्या गोळ्या, उतरत्या डोसाने, मोजून, तीन दिवसांच्यावर गोळ्या हातात न देता. पूर्वी फिट किंवा भ्रम झालेला, ताप, कावीळ, गर्भवती, मरणाची भाषा बोलणारा, सोबत झोपेच्या गोळ्यांचा मोठा डोस घेणारा, असे ताबडतोब पाठवा. पाठवताना चिठ्ठीवर नुसतं ‘व्यसनमुक्तीसाठी’ लिहू नका. रुग्णाच्या देखत तिथल्या समुपदेशकाला फोन करून वार आणि वेळ ठरवून द्या. दहातला एक जातो, त्याचे चार होतील.

अफूजन्य गोळ्या सोडणाऱ्याच्या अंगदुखीवर पुन्हा ट्रॅमाडॉल लिहू नका, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्या शेजारच्या मेडिकलवाल्याला सांगावं लागेल. ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीनचं खोकल्याचं औषध ही सगळी शेड्यूल एच-वन मधली. चिठ्ठीवरच द्यायची आणि नोंदवही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे.

सगळ्यांत कमी वेळ खाणारी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारणं. जागतिक आरोग्य संघटनेची ‘असिस्ट’ ही व्यसन ओळखायची आठ प्रश्नांची चाचणी कंपाउंडरलाही शिकवता येते. गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था आणि शासन यांच्या मुक्तिपथ या व्यसनविरोधी अभियानात तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचाराचं क्लिनिक आणि गावात शिबिर, असं काम चालतं. जंगलाच्या जिल्ह्यात होतं, तर तुमच्याकडे महिन्यातून एक दुपार निघायला हरकत नाही. जिल्ह्याच्या पथकाला तुमच्याच दवाखान्यात बोलवा.

प्रश्न : मुंबईला नोकरीला असताना माझ्या मुलाला गर्दची (ब्राउन शुगर, म्हणजे अफूपासूनचं हेरॉइन) सवय लागली. दोन वेळा तीन-तीन महिने केंद्रात ठेवला. प्रत्येक वेळी चांगला होऊन आला आणि गावी आल्यावर महिन्याभरात पुन्हा सुरू. मागच्या वेळी एकदाच घेतली म्हणतो आणि बेशुद्ध पडला, ओठ निळे झाले होते. कर्ज झालं आहे. आता सहा महिने ठेवावं म्हणतो. उपयोग होईल का? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, कालावधी वाढवून उपयोग होईल असं मला वाटत नाही. तीनाचे सहा केले तरी तो परत येणार तुमच्याच घरी, त्याच चौकात, आणि तिथे त्याच्यासाठी काही ठरलेलं नसेल तर सातव्या महिन्यात तेच होईल. केंद्रं वाईट होती असं म्हणत नाही. मधल्या काळात शरीर स्वच्छ होतं, डोकं ताळ्यावर येतं, ते आवश्यकच. पण व्यसन उलटतं ते घरी, आणि आपण सगळा पैसा खर्च करतो केंद्रावर. घरी परतल्यानंतरच्या वर्षासाठी पैसाही उरत नाही आणि उमेदही.

ओठ निळे पडले त्याचं कारण आधी समजून घ्या, कारण ते पुन्हा घडू शकतं. महिनोन्महिने गर्द बंद राहिली की शरीराची सहन करण्याची ताकद उतरते. माणसाला मात्र जुनं माप आठवतं. तेवढीच घेतो आणि श्वास मंदावतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सर्वांत जोखमीचे. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मंद किंवा घोरल्यासारखा, ओठ-नखं निळी, हलवलं तरी जाग नाही : १०८ ला फोन करा, कुशीवर वळवून ठेवा, श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या. नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन हा परिणाम काही मिनिटांत उतरवतं, म्हणून रुग्णालयात पोचताक्षणी ‘गर्द घेतलीय’ हे स्पष्ट सांगा. तिथे अब्रू बघत बसलात तर मुलगा जाईल.

दुसरं, ब्युप्रेनॉर्फिनवर ठेवण्याबद्दल मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. वरच्या ताईंना सांगितली तीच गोळी. टर्कीपुरती आठ-दहा दिवस देतात तशी ती दीर्घकाळही देता येते, महिने, वर्षं. तुमच्यासारखे वडील इथे हमखास म्हणतात, ‘म्हणजे एक नशा सोडून दुसरी?’ नाही. ठरल्या डोसात ती घेणारा माणूस झिंगत नाही, कामावर जातो, आणि त्याची तल्लफ आटोक्यात राहते. अफूजन्य व्यसनात मृत्यू टाळणाऱ्या उपचारांत तिचा पुरावा भक्कम आहे. सुईने घेणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमात हीच गोळी ओएसटी केंद्रांतून, म्हणजे नशेऐवजी देखरेखीखाली पर्यायी औषध देणाऱ्या केंद्रांतून, मोफत देतात. ती बंद करायची घाई घरच्यांनी करू नये. बहुतेक उलटण्या ‘आता बरा झाला, गोळी कशाला’ या वाक्यानंतरच्या असतात.

मग उरतं गाव. लहान गावात माणूस बदलला तरी त्याच्याकडे बघणारे डोळे बदलत नाहीत. हरवलेली पाकिटं, चोरीला गेलेल्या मोटारी, सगळ्याचा संशय त्याच्यावर. त्याला दिवसाचं काम द्या, पगार हातात न देता सुरुवातीला त्याच्याच संमतीने खात्यात जाऊ द्या. पुरवणारा मित्र गावातलाच असेल तर काही काळ दुसऱ्या नातेवाइकाकडे राहणं शहाणपणाचं, पण तिथून जिल्ह्याची ओपीडी जवळ हवी. नार्कोटिक्स अनॉनिमस या, नशा सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटाच्या सभा ऑनलाइनही होतात. गावात ओळख निघायची भीती असलेल्यांना तो मार्ग सोयीचा पडतो. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णाच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. घरच्यांनाही उपचार लागतात हे त्या लोकांनी फार आधी ओळखलं. तुमच्या सूनबाई असतील तर त्यांना विसरू नका. तुम्हीही एकदा समुपदेशकाला भेटा. पत्रात तुम्ही मुलाबद्दल दोन पानं लिहिलीत आणि स्वतःबद्दल एकच ओळ, तीही शेवटी, की रात्री दाराची कडी वाजली की उठून बसता.

पुन्हा उलटलं तर ते शून्यावर आलं असं समजू नका. किती दिवस नीट होता, नेमकं कशाने बिघडलं, एवढं वहीत लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा. शिक्षक आहात, वही तुम्ही चांगली ठेवाल.

प्रश्न : वय ५४. हे गेले तेव्हा डॉक्टरांनी झोपेसाठी गोळी दिली होती. त्याला नऊ वर्षं झाली. आता दोन घेतल्या तरी झोप येत नाही, आणि न घेतली तर हात कापतात. मी काही नशा करत नाही. पण तुमचा लेख वाचून भीती वाटली. – एक वाचक

उत्तर : भीती ठेवा, लाज नको. तुम्ही डॉक्टरने दिलेली गोळी घेतलीत, ती थांबवायची आठवण कुणी केली नाही. तुमच्यासारख्या बायका माझ्या ओपीडीत गर्दवाल्या मुलांपेक्षा जास्त येतात. फक्त त्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही, त्यामुळे उपचारही कुणी सुचवत नाही.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम यांपैकी काहीतरी असणार. हात कापतात म्हणजे शरीर त्यावर अवलंबून आहे. एकदम बंद अजिबात करायची नाही, वर लिहिलेला फिटचा धोका तुम्हालाही आहे. डॉक्टर बहुधा तुमची गोळी अंगात जास्त वेळ टिकणाऱ्या गोळीत बदलून देतील आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी थोडी थोडी उतरवतील. नऊ वर्षांची सवय सुटायला कित्येक महिने लागतात. मध्येच एखादी पायरी जड गेली तर तिथेच थोडं थांबायचं, मागे जायचं नाही. झोप आधी बिघडेल, मग सुधारेल. या काळात घोरण्याचा त्रास किंवा पडण्याची भीती असेल तर सांगा, आणि दारू किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध यांच्याबरोबर ती गोळी कधीही घेऊ नका, श्वास मंदावतो.

पत्रात गोळीचं नाव आणि किती मिलिग्रॅमची, ते लिहिलं नाहीत. तालुक्याच्या मानसिक आरोग्य ओपीडीत जाताना गेल्या महिन्यातल्या सगळ्या रिकाम्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. आणि मधल्या काळात घरातला साठा संपणार नाही इतपत गोळ्या शिल्लक आहेत ना, ते आज मोजून बघा.